मतदानाचा टक्का, वजनाचा काटा आणि आयबीची परीक्षा

टीवायचा_अण्णा:
मंडळी, राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोबत आयबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुप्तवार्ता खात्याच्या, एसीआयओ (अधिकारी भरती) परीक्षेचा अभ्यास चालू आहे. जानेवारी 2026 मध्ये पालिकेला मुंबईत साधारण 53 टक्के मतदान झालं आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'मुंबईकर आळशी'चा गजर सुरू झाला. मला हे मान्य नाही. टक्केवारी हा भागाकार आहे, आणि छेदाकडे कोणी बघतच नाही. 1 कोटी 3 लाख नावांच्या प्रारूप यादीत सुमारे 11 लाख नोंदी संशयित दुबार निघाल्या होत्या. शिवाय चाळ पाडून टॉवर उभा राहिला, माणसं बदलापूरला गेली, नावं मात्र लालबागलाच. आमच्या मजल्यावरचे आजोबा वारले, त्यांची स्लिप अजून येते. ते कसे येणार मत द्यायला?

डाएटचंही तेच. आईने डॉ. दीक्षितांचा वजन उतरवायचा आहार धरलाय: दिवसातून दोनदाच जेवण, तेही प्रत्येक वेळी 55 मिनिटांत. पहिल्या आठवड्यात काटा झपकन उतरला, पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. अहो, त्यात बरंचसं पाणी! शरीरात साठवलेला ग्लायकोजेन (साखरेचा साठा) खर्च होतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं.

गुप्तवार्ता खात्यात मला जायचंय ते पिस्तुलासाठी नाही. हा आकडा आला कुठून, हे विचारायचा पगार मिळतो म्हणून.

काळाचौकी_काका:
असहमत. बाळा, छेद-छेद करतोस तर गणित पुरं कर. त्या 11 लाख नोंदी म्हणजे 4.33 लाख माणसं. जास्तीच्या पावणेसात लाख नोंदी सगळ्या उडवल्या तरी टक्का 57 च्या आतच राहतो. बाकीचे 43 कुठे होते, महाबळेश्वरला? 2024 च्या विधानसभेला कुलाब्यात 44 टक्के आणि भांडुपला 61. दुबार नावं काय फक्त कुलाब्यातच उगवतात?

रात्रपाळी:
काका, महाबळेश्वर सगळ्यांच्या नशिबात नसतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135बी प्रमाणे लोकसभा-विधानसभेला भरपगारी सुट्टी असते, पण ती पगार असणाऱ्याला. मी डिलिव्हरी करतो. ॲप बंद, कमाई बंद. 20 मे 2024 ला उन्हात रांगेत होतो, केंद्रात मोबाईल नेऊ देईनात आणि ठेवायला जागा नाही. शेवटी पानवाल्याकडे दिला. मत दिलं, पण जो तिथून परत फिरला त्याला मी आळशी म्हणणार नाही.

काळाचौकी_काका:
तुझ्यासारख्याला म्हणतच नाहीये रे. ज्यांच्या घरी ड्रायव्हर आहे त्यांच्याबद्दल बोलतोय.

मेथीची_जुडी:
राजकारण तुम्ही बघा, मी आईच्या बाजूने. पाणी तर पाणी! काटा उतरलेला दिसला म्हणूनच ती माउली संध्याकाळच्या चहाबरोबर खारी न खाता राहते. पहिल्याच आठवड्यात ग्लायकोजेनचं व्याख्यान दिलंस तर दुसऱ्या आठवड्यात वडापाव घरात येईल. (मी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांची पंथी, वरण-भात-तूप सोडणार नाही, तरी हे सांगतेय.) गंमत म्हणजे दीक्षितांनी हे घेतलं राजकारणी डॉ. श्रीकांत जिचकारांकडून, आणि जिचकार 1980 साली आयएएस सोडून आमदार झाले. तुझे तिन्ही विषय एकाच माणसाच्या आसपास निघाले की!

निवृत्त_बाबू:
आयबीत होतो असं म्हणत नाही, पण केंद्र सरकारी नोकरीत केस पिकले. अण्णा, आकड्याला प्रश्न विचारायचे हे खरं, पण आधी बरीच वर्षं माहिती गोळा करायची, पडताळणी करायची, वर पाठवायची. पोस्टिंग दादरला मिळेल असं धरू नका. 'रॉ'त, म्हणजे परदेशातली हेरगिरी बघणाऱ्या संस्थेत, या परीक्षेतून थेट भरती होत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या आचरण नियमांतला नियम 5 वाचा: मत द्यायची मुभा आहे, कोणाला दिलं ते सुचवायचीही नाही. गुप्तचर संस्थांसाठी 1985 चा वेगळा कायदा आहे, तो संघटना आणि वर्तमानपत्रांशी बोलणं यावर बंधनं घालतो. असे धागे काढायची हौस आताच भागवून घ्या.

टीवायचा_अण्णा:
बाबूजी, धन्यवाद, नियम 5 माहीत नव्हता. ताई, आईसमोर गप्प बसेन. काका, तुमचे 57 फक्त दुबार नावांचे. बदलापूरवाले आणि वारलेले त्यात धरलेच नाहीत.

काळाचौकी_काका:
किती आहेत ते? आकडा आण, मग धरू. तोवर त्या बदलापूरवाल्यांना मतदार यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म 8 भरायला सांग, फुकट असतो.