अनुभव धागा: गॉथम व्हाया दादर

परवा रविवारी भाचा राहायला होता. त्याला गप्प बसवायला 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'चा एक भाग लावून दिला आणि मी कुकर लावायला गेले. परत आले तर भाचा केव्हाच उठून कॉमन पॅसेजमध्ये सायकल फिरवत होता, आणि मी हातात झारा घेऊन टीव्हीसमोर उभी. शिट्ट्या किती झाल्या पत्ता नाही. वरण लागलं.

अमेरिकेत १९९२ साली सुरू झालेली, ८५ भागांची ही मालिका, बॅटमॅनच्या गॉथम शहरात घडणारी. आपल्यातल्या कित्येकांनी ती केबलवर, शाळेचे बूटही न काढता पाहिलेली आहे. त्या काळी कार्टूनचं चॅनेल ठरावीक वेळेला गुंडाळलं जायचं आणि त्याच जागी जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, आठवतंय ना? मग पाठ केलेल्या पाढ्यांपेक्षा हे जास्त का लक्षात राहिलं? लिहा. 'भारी होतं', 'नॉस्टॅल्जिया' एवढ्यावर भागवू नका, एखादा प्रसंग सांगा. अट एकच: नाव नको, स्टेशन लिहा. सुरुवात मीच करते.

दादर (धागा काढणारी)

बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, त्याचे आईवडील सर्कशीत झोक्यावरून पडतात तो भाग. लहान मुलांच्या वेळेत लागणारी मालिका, त्यामुळे काय दाखवायचं यावर बंधनं होतीच. म्हणून ते पडताना दिसतच नाहीत. झोका चौकटीबाहेर जातो आणि परत येतो तेव्हा नुसता तुटका दोर झुलत येतो. बस. आई कणीक मळता मळता दारात आलेली, 'काय ती मारामारी बघता' म्हणायला. ती तशीच थांबली. मग हळूच म्हणाली, "पडले का गं ते?" मारामारी बंद कर म्हणायचं राहूनच गेलं.

लालबाग

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही. सातच्या बातम्यांवर आजोबांचा हक्क, त्याआधीचा अर्धा तास माझा. आजोबा गिरणीत साच्यावर होते, ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली ती गेलीच. इंग्रजी शून्य. मी पाचवीत, त्यामुळे माझंही इंग्रजी जवळपास तेवढंच, पण भाषांतर करायला मी.

मिस्टर फ्रीझचा भाग लागलेला. आजोबा म्हणाले, "त्या बाईला काचेत का ठेवलीय?"
"आजारी आहे. औषध सापडेपर्यंत गोठवून ठेवलीय. तिचा नवरा शोधतोय."
"मग?"
"मालक म्हणतोय खर्च फार होतो, मशीन बंद करा."

आजोबांनी पानाचा डबा मिटला. पुढे त्याच मालकाला माणुसकीबद्दल पुरस्कार देण्याचा सोहळा आहे. तेही मी सांगितलं, तर हे इतके हसले की ठसका लागला. "आणि तू ह्या बर्फवाल्याला व्हिलन म्हणतोस होय रे?"

मला तेव्हा बर्फाची बंदूक आवडली होती, बाकी काही नाही. हा भाग पॉल डिनीने लिहिला आणि त्याच्या लेखनाला एमी (अमेरिकेतला टीव्हीचा पुरस्कार) मिळाली, हे कॉलेजात असताना वाचलं. आधीच्या कॉमिकांत फ्रीझ म्हणजे थंडीवरून पाणचट विनोद करणारा एक साधा चोर होता. बायको, मालक, काचेची पेटी हे सगळं या मालिकेने दिलं. आजोबांना सांगायला हवं होतं, पण तोवर ते नव्हते. असते तर 'बर्फवाला आला का रे आज?' एवढंच विचारलं असतं. पुढे दोन वर्षं रोज विचारायचे.

बोरिवली

सगळं मान्य, पण स्वॅट कॅट्सपुढे काही नाही. दोन मांजरं, दिवसा भंगाराच्या यार्डात गाड्या दुरुस्त करतात आणि रात्री विमान उडवतात. गॅरेजवाले हिरो! माझ्या काकांचं गॅरेज होतं, शाळेत माझा भाव वधारला होता.

दादर

बोरिवली, त्याला वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.

चर्चगेट

राहायला विरारला, पण अर्धं आयुष्य चर्चगेटला गेलं, म्हणून हेच स्टेशन. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते.

या मालिकेत पार्श्वभूमीची चित्रं पांढऱ्या कागदावर काढून मग काळी केलेली नाहीत. मालिकेच्या कर्त्यांपैकी एक, एरिक राडोम्स्की, याच्या कल्पनेप्रमाणे ती मुळातच काळ्या कागदावर रंगवली. म्हणजे अंधार आधीपासून आहे, चित्रकाराने फक्त उजेड पडतो तेवढ्या जागा उचलल्यात: खिडकीची कड, छज्जाची रेघ, रस्त्यावरच्या दिव्याखालचं वर्तुळ. सातवीत चित्रकलेच्या वहीत मी काळ्या घोटीव कागदावर खडूने आमची सोसायटी काढली होती. बाई म्हणाल्या, दिवाळीचं चित्र छान आहे.

पुढे ओव्हल मैदानावर पहिल्यांदा नीट उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की गॉथम मी आधीच पाहिलंय. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, सगळे टोकदार गॉथिक. पश्चिमेला तीसच्या दशकातली आर्ट डेको इमारतींची रांग, गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे. मध्ये क्रिकेट. २०१८ साली युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारसा ठरवलं. बॅटमॅन छापून आला १९३९ साली, आमचं इरॉस थिएटर उघडलं १९३८ साली. एकाच काळाची नक्षी आहे ती, म्हणून पावसाळ्यात सातनंतर इरॉसच्या चौकात उभं राहिलं की वर आकाशात पोलिसांचा तो फुगीर हवाई जहाजवाला दिवा शोधायची सवय अजून गेलेली नाही. कावळे दिसतात.

मुलुंड

विरोधी सूर लावतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला हौसेने दाखवली. जोकर हसला आणि पोरगं माझ्या अंगावर चढलं, तीन रात्री दिवा लावून झोपलो. सध्या घरात छोटा भीम आणि लाडू. सगळे सुखी. आपल्याला आवडलं ते मुलांच्या घशात कोंबू नये.

अंधेरी

मी डबिंग करतो, म्हणून दोन आण्याची माहिती. आपल्याकडे स्टुडिओत एकेकटा येतो, हेडफोन लावतो, समोरच्या पडद्यावर ओठ जुळवत आपली वाक्यं टाकतो आणि पुढच्या स्टुडिओकडे पळतो. ज्याच्याशी भांडतोय तो नट अजून ट्रॅफिकमध्ये असतो. या मालिकेत आवाजांची दिग्दर्शिका आँद्रेया रोमानो नटांना शक्यतो एकत्र बसवून रेकॉर्ड करायची. केव्हिन कॉनरॉय आणि मार्क हॅमिल यांचा बॅटमॅन-जोकर ऐका, एकाचा श्वास संपतो तिथे दुसऱ्याचं हसू सुरू होतं. आणि कॉनरॉयने ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्यामागच्या माणसाला, एक आवाज दिलाय, बॅटमॅनला दुसरा. मुखवटा चढवला की आवाज खाली उतरतो. लहानपणी मला वाटायचं दोन माणसं बोलतात. २०२२ साली तो गेला तेव्हा आमच्या ग्रुपवर दिवसभर त्याचेच ऑडिओ फिरत होते.

पण माझा भाग वेगळाच आहे. ग्रे घोस्टचा. एक म्हातारा नट, तरुणपणी टीव्हीवर ग्रे घोस्ट नावाचा हिरो झालेला. लोकांच्या डोक्यात तीच प्रतिमा बसली, दुसरं काम मिळेना, म्हणून घरभाड्यासाठी आपल्या जुन्या वस्तू विकतोय. ब्रूस लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून त्याचीच मालिका बघत असे. त्या नटाला आवाज दिलाय अ‍ॅडम वेस्टने, म्हणजे १९६६ च्या टीव्हीवरच्या बॅटमॅनने. आता बघा, खऱ्या आयुष्यात त्याच शिक्क्याखाली दबलेला माणूस तोच शिक्का बसलेल्या माणसाचा आवाज काढतोय. मला अकरा वर्षं 'गुंड क्रमांक दोन' मिळतोय. ऑडिशनला कितीही गोड आवाज काढा, समोरून फोन येतो, 'दादा, तो आपला खरखरीत द्या ना.' तो भाग मी वर्षातून एकदा बघतो. जास्त नाही.

कांजूरमार्ग

हार्ली क्विनबद्दल कुणीच लिहिलं नाही? ती मुळात कॉमिकातली नाहीच. याच मालिकेत जोकरची साथीदार म्हणून एका भागापुरती आणली, लोकांना इतकी आवडली की नंतर कॉमिकवाल्यांनी तिला घेतलं.

आठवीत मला तिच्यासारखं व्हायचं होतं. लाल-काळा पोशाख, कोलांट्या, तोंडात सतत बडबड. ती मुळात जोकरची डॉक्टर, त्याच्यावर उपचार करता करता त्याच्या प्रेमात पडलेली, हे मला तेव्हा रोमँटिक वाटलं होतं (आठवी!). चाळिशीत परत पाहिलं. तो तिला ढकलतो, हाकलून देतो, आणि ती पुन्हा पुन्हा त्याच्याच दारात. मध्ये एकदा ती पॉयझन आयव्ही या दुसऱ्या खलनायिकेबरोबर राहायला जाते. दोघी मिळून दरोडे घालतात, हसतात, आणि तरीही ही गुपचूप त्याला फोन लावते. आयव्हीच्या तोंडावरचा तो वैताग! माझ्या धाकट्या बहिणीने पहिलं लग्न मोडायला चार वर्षं लावली, त्या चार वर्षांत माझं तोंड अगदी तस्संच असणार.

आता लेकीला शाळेच्या फॅन्सी ड्रेसला हार्ली व्हायचंय. पोशाख शिवून देतेय. हातोडा थर्माकोलचा.

डोंबिवली

लालबाग, तुमच्याच भागाबद्दल लिहितोय.

गेल्या वर्षी आई परळच्या एका हॉस्पिटलात होती, सतरा दिवस. रात्री भाऊ, दिवसा बायको, संध्याकाळी मी. ऑफिस लवकर सोडून घरी, घरून सूपचा थर्मास घेऊन फास्ट लोकलने दादर, तिथून परळ. उलट्या दिशेला म्हणून गर्दी कमी, असं म्हणतात ते म्हणणाऱ्याने करून बघावं. थर्मास छातीशी धरून उभा. ठाण्याला चढलेल्या एकाने विचारलंही, "काका, गरम आहे का? नाही, माझ्या शर्टाला लागतंय."

एकदा बसायला मिळालं. मोबाइलवर फ्रीझचा भाग लावला. मालक, बायको, काच, सगळं आठवत होतं. पहिले दोन दिवस मीही आईला काचेतूनच बघितलेलं, त्यामुळे ते दृश्य पुढे ढकललं. विसरलो होतो ते भलतंच. त्या भागात बॅटमॅनला चक्क सर्दी झालीय! शिंका देतोय. त्याच्या घरचा म्हातारा नोकर आल्फ्रेड त्याला काय देतो, तर थर्मासमध्ये चिकन सूप. आणि शेवटी सगळी यंत्रं, दोर, पट्टा हरल्यावर बॅटमॅन तोच थर्मास फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर फोडतो. गोठलेली काच, उकळतं सूप, तडकते.

मी मांडीवरच्या थर्मासकडे बघितलं आणि हसत सुटलो. कुर्ला ते दादर हसत होतो. शेजारचे गृहस्थ आधी मोबाइलकडे, मग माझ्याकडे बघून जरा सरकून बसले.

दादर

डोंबिवली, आई कशा आहेत आता?

डोंबिवली

बरी आहे. परवा म्हणाली, ते सूप तिला कधीच आवडलं नव्हतं, मी दमून यायचो म्हणून प्यायची.