पॉइंट ३२ लाँग काडतूस जुनं झालं तरी लोकांचं प्रेम का आटत नाही?

घोडबंदरवाला: आजोबांचं लायसन्स माझ्या नावावर झालं, सोबत कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर. मित्र म्हणतो विकून टाक, म्हातारं काडतूस आहे. पण रेंजवर गेलो की सगळे काका लोक त्याच्यावरच फिदा, असं काय आहे त्यात?

नेरुळकर: अरे म्हातारं म्हणजे १८९६ चं, स्मिथ अँड वेसनचं, पण म्हातारं म्हणून निकामी थोडंच! धक्का इतका कमी की बोटाला आणि नजरेला सवय लागते, डोळे मिटायची खोड जाते. सेंटर फायर पिस्तूलच्या (काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी ठोका बसून गोळी सुटते, ते) २५ मीटर स्पर्धेत आजही जगभरातले नेमबाज हेच वापरतात, फक्त सपाट तोंडाची शिशाची गोळी, वॉडकटर. ती कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक पाडते, मग स्कोअरवरून भांडण नाही. (आमच्याकडे तरी होतं, वडापाव जिंकण्यावरून.)

कळवा_१: स्वसंरक्षणासाठी ताकद कमी पडते हे पण सांगा ना काका, नुसतं कौतुक नको

नेरुळकर: बरोबर, कमीच आहे, नाही कोण म्हणतंय. पण भारतात सैन्याच्या बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), जसं ९ एमएम वगैरे, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे .३२ घराघरात गेलं. सवयीचं प्रेम म्हण.

घोडबंदरवाला: ठरलं, विकत नाही. रविवारी येतो, वडापाव तुमच्याकडून

नेरुळकर: आधी स्कोअर दाखव 😄