वर्षात किती मॅरेथॉन धावाव्यात? कोल्हापूरहून मुंबईच्या तयारीचे नियोजन

प्रश्न: रंकाळापहाट

नमस्कार. मी कोल्हापूरची. वय ४१, बँकेत नोकरी. काही वर्षांपासून आमचा मैत्रिणींचा गट पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आणि रंकाळ्याच्या भोवती धावतो. अर्धमॅरेथॉन पुष्कळ झाल्यावर यंदाच्या जानेवारीत मुंबईत पहिली पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. तिसाव्या किलोमीटरनंतर बरेच अंतर चालतच काटावे लागले. पुढच्या जानेवारीत हेच ४२.१९५ किलोमीटर साडेचार तासांच्या आत धावायचे, असे मी ठरवले आहे.

मधल्या महिन्यांसाठी मी एक यादी केली आहे: ऑगस्टमध्ये हैदराबाद पूर्ण मॅरेथॉन, सप्टेंबरमध्ये सातारा हिल हाफ आणि त्याच महिन्यात लेहला जाऊन लडाख पूर्ण मॅरेथॉन, डिसेंबरमध्ये वसई-विरार पूर्ण आणि मग जानेवारीत मुंबई. घरच्यांचा पाठिंबा आहे, रजाही जमतील. मात्र गटातल्या काही जणींचे म्हणणे असे, की एवढ्या शर्यतींत मुंबईची वेळ हातची जाईल. उलट काही जणी म्हणतात, की शर्यत हाच सर्वांत चांगला सराव. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस सलग लागतो, तेव्हा लांब अंतराचा सराव कसा टिकवावा, हेही कळत नाही. ज्यांनी असे वर्ष आखून पार पाडले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटमाथा (पुणे)

तुमच्या यादीतली प्रत्येक शर्यत धावण्यासारखी आहे, पण त्या सगळ्या एका वर्षात एकमेकींच्या आड येतात. माझे मत स्पष्ट आहे: हौशी धावपटूने वर्षात एकच शर्यत घड्याळासाठी धावावी आणि बाकीच्या सगळ्या तिच्या सेवेला लावाव्यात. पूर्ण मॅरेथॉननंतर पाय दुखायचे आठवड्याभरात थांबतात, म्हणून आपण सावरलो असे वाटते; प्रत्यक्षात जोरकस सराव पुन्हा अंगाला मानवेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, आणि त्याआधी दोन-तीन आठवडे टेपरिंगमध्ये, म्हणजे शर्यतीपूर्वी सराव कमी करत नेण्यात, गेलेले असतात. म्हणजे एका पूर्ण मॅरेथॉनमागे सुमारे सहा आठवडे खऱ्या सरावाविना जातात. ऑगस्ट, सप्टेंबर आणि डिसेंबर अशा तीन पूर्ण मॅरेथॉन ठेवल्या, तर मुंबईसाठी सलग बारा आठवडे कुठेच उरत नाहीत.

आता मुंबईचा हिशेब मांडू. साडेचार तास म्हणजे किलोमीटरला सरासरी ६ मिनिटे २४ सेकंद. हौशी धावपटूंची पूर्ण मॅरेथॉन पहाटे पाचच्या सुमारास सुटते आणि जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. या वेगाने सव्वादोन तासांत बरोबर २१ किलोमीटर होतात, म्हणजे निम्मी शर्यत अंधारात आणि निम्मी उन्हात, तीही समुद्राकाठच्या दमट हवेत. त्यात पारंपरिक मार्गावर परतताना हाजी अलीनंतर पेडर रोडचा चढ लागतो. एरवी टॅक्सीतून जाताना जाणवतही नसेल असा तो चढ, पण पस्तीस किलोमीटर झालेल्या पायांना तो भिंतीसारखा उभा राहतो. दोन्ही बाजूंच्या इमारतींतली माणसे संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की घेऊन उभी असतात, कोणी बिबवरचे (छातीवर लावलेल्या क्रमांकाच्या पट्टीवरचे) नाव वाचून हाक मारते. त्या हाकांनी फार बळ येते, तरी तिथे सगळ्यांत जास्त माणसे चालायला लागलेली दिसतात. केम्प्स कॉर्नर ओलांडून चौपाटीकडे उतरल्यावर मरीन ड्राइव्ह येतो, तो सपाट पण पूर्ण उन्हात. मार्गात दरवर्षी थोडाफार बदल होतो, तेव्हा नकाशा त्या वर्षीचाच पाहावा. तुमची तयारी या शेवटच्या बारा किलोमीटरांसाठी हवी. पहिले तीस तुम्ही यंदाही धावलातच.

म्हणून माझी सुचवण अशी. मार्चपर्यंत हलके धावावे आणि आठवड्यातून दोनदा मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांसाठी ताकदीचे व्यायाम करावेत. एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे अंतर आपोआप आटोक्यात राहते, ते राहू द्यावे. जूनपासून चढ सुरू करावेत. तुम्हाला जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याचा रस्ता जवळ आहे, असे भाग्य मुंबईकरांना नाही. सलग पावसात लांब धाव सोडू नये, पण ती अंतराऐवजी वेळेने मोजावी: दोन तास, सव्वादोन तास, मग वेग कितीही असो. पावसात खरा त्रास पायांच्या त्वचेचा असतो. ओल्या मोज्यांनी फोड येतात, म्हणून बोटांना आणि टाचेला व्हॅसलीन चोळून निघावे, आणि शूज आतून वर्तमानपत्र कोंबून वाळवावेत, हीटरसमोर ठेवू नयेत. अंधारात एकटीने लांब जाण्यापेक्षा विद्यापीठाच्या आवारातच फेऱ्या मारलेल्या बऱ्या. त्या कंटाळवाण्या असतात, पण मॅरेथॉनच्या शेवटाला तो कंटाळा सोसण्याची सवयच कामी येते.

सातारा जरूर धावावी. पहिले निम्मे अंतर यवतेश्वरच्या घाटातून कासच्या दिशेने चढ आणि परतताना तोच उतार, त्यामुळे एका सकाळीत दम आणि मांड्या या दोन्हींची परीक्षा होते. याच साताऱ्याच्या माण तालुक्यातून ललिता बाबर पुढे आल्या, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावल्या; त्या मातीत धावताना मला दरवेळी त्यांची आठवण येते. चढापेक्षा उताराने स्नायू जास्त दुखावतात हे लक्षात ठेवून परतीला पाय मोकळे सोडू नयेत.

हैदराबाद सोडावी. ऑगस्टचा दमटपणा आणि उड्डाणपुलांचे चढउतार यांत पूर्ण मॅरेथॉन धावून मुंबईसाठी मिळते त्यापेक्षा जाते जास्त. वसई-विरारऐवजी डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात अर्धमॅरेथॉन जोरात धावावी. ती २ तास ९ मिनिटांच्या आत झाली, तर साडेचार तासांचे स्वप्न वास्तवात उतरण्याजोगे आहे असे समजावे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ३० ते ३२ किलोमीटरच्या तीन धावा व्हाव्यात, त्यातली शेवटची शर्यतीच्या तीन आठवडे आधी. या धावांतले शेवटचे आठ-दहा किलोमीटर ६ मिनिटे २० सेकंदांच्या आसपास जमू लागले, की पेडर रोडची भीती कमी होईल. मध्ये दिवाळी येते. फराळाने काही बिघडत नाही, जागरणांनी बिघडते.

सिंधूकाठ

वरील सल्ला मुंबईपुरता पटतो, पण लडाखचा त्यात उल्लेखही नाही, म्हणून लिहितो. मी मूळचा नाशिकचा, आता दिल्लीत असतो आणि लेहला धावून आलो आहे. धावणे केवळ वेळ सुधारण्यासाठी असते, हे मला मान्य नाही. चाळिशीत शरीर साथ देत असताना अशा ठिकाणी धावायची संधी मिळते आहे, तर ती मुंबईच्या चोवीस मिनिटांसाठी का सोडावी? माझे म्हणणे, यंदा लडाख हीच वर्षाची मुख्य शर्यत करावी आणि मुंबईत जी वेळ येईल ती आनंदाने घ्यावी.

मात्र लडाख धावायची, तर तिला पूर्ण मान द्यावा लागतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ एक तृतीयांश प्राणवायू कमी मिळतो. कोल्हापूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर, तेव्हा तिथला सराव फुप्फुसांना ही सवय लावू शकत नाही. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, जिनेसुद्धा सावकाश चढायचे, तिसऱ्या दिवसापासून हलके चालणे आणि त्यानंतर छोट्या धावा, असा क्रम पाळून शर्यतीपूर्वी किमान आठवडा तिथे घालवावा; दहा दिवस मिळाले तर उत्तम. शिवाय मार्ग सिंधूच्या पात्राकडे उतरतो आणि शेवटी पुन्हा लेहकडे चढतो, म्हणजे सगळी शक्ती संपल्यावर चढ. तिथे साडेचार तासांचा विचार करणाऱ्याची घोर निराशा होते. मी घड्याळ मनगटावरून काढून खिशात ठेवले होते, आणि उजाडताना स्टोक कांगरी शिखराच्या बर्फावर पडलेले ऊन मला नीट पाहता आले. परत आलो तेव्हा रजा संपली होती, पैसेही पुष्कळ खर्च झाले होते, आणि त्यातल्या कशाचीही मला खंत नाही.

मैदानी_वैद्य

मी क्रीडावैद्यक क्षेत्रात काम करते, म्हणून शर्यतींच्या निवडीत न पडता प्रकृतीपुरते लिहिते.

पहिली गोष्ट लोहाची. चाळिशीतल्या, मासिक पाळी सुरू असलेल्या आणि भरपूर धावणाऱ्या स्त्रीने हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन) तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा रिकामा झालेला मी पुष्कळ जणींत पाहते. सराव वाढवूनही वेळ सुधारत नाही, चढावर लवकर धाप लागते, आणि आपण कमी पडतो आहोत असे वाटून त्या आणखी धावतात. शाकाहारी असाल तर बी १२ आणि ड जीवनसत्त्वही पाहावे. जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोह कमी शोषले जाते, तेव्हा दोन्हींत तासाभराचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळ्या मात्र अहवाल पाहूनच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर ईसीजी आणि ताण चाचणीचे आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शर्यतीत जास्तीत जास्त पाणी प्यावे, हा समज धोक्याचा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले होते, आणि चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांत व धावताना वजन वाढलेल्यांत हा धोका अधिक होता. चार-पाच तास रस्त्यावर असणाऱ्यांना प्रत्येक टेबलावर पाणी घेण्याइतका अवकाश मिळतो, त्यामुळे साडेचार तासांच्या धावपटूने याकडे विशेष लक्ष द्यावे. तहानेप्रमाणे प्यावे, लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे. वजन किंचित घटलेले चालते, वाढलेले चालत नाही. ओआरएस घ्यायचे तर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवावे.

ऊर्जेसाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. धावपटूंसाठीच्या गोड एनर्जी जेलच्या एका पाकिटात साधारण २० ते २५ ग्रॅम असतात; खजूर किंवा गुळाची चिक्कीही चालते, पण ती चावत धावण्याची सवय ऑक्टोबरपासूनच लावावी. तुम्ही तिसाव्या किलोमीटरला चालू लागलात, त्यामागे स्नायूंतला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा संपणे हे एक मोठे कारण असू शकते, आणि ते पहिल्या पाऊण तासापासून थोडे थोडे खात राहिल्याने बरेच टाळता येते. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊ नये. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडाला त्रास देतात.

लेहला जाणार असाल, तर डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या औषधाविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे. तिथे डोकेदुखीबरोबर उलटी किंवा चालताना तोल जाणे सुरू झाले, तर शर्यतीचा विचार सोडून तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

रंकाळापहाट

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. सिंधूकाठ यांचे लिहिणे वाचून लडाखचा मोह वाढला, पण तिथे दहा दिवस द्यायचे तर घाईने जाणे योग्य नाही. ते पुढच्या वर्षी, सहकुटुंब आणि घड्याळाविना. यंदा सातारा, पुण्याची अर्धमॅरेथॉन आणि मुंबई एवढेच ठेवते. फेरिटिनची तपासणी याच आठवड्यात करून घेते.

एकच विचारायचे राहिले. मुंबईला शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघून शनिवारी बिब घ्यावे, असा बेत आहे. तो ठीक होईल का?

घाटमाथा (पुणे)

एक रात्र आधी निघा. बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, ते आधी एक्स्पोत, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनात, जाऊनच घ्यावे लागते, आणि शनिवारी तिथे सर्वांत जास्त गर्दी असते. रात्रभर गाडीत अर्धवट झोप, सकाळी सामान ठेवायची धावपळ आणि मग रांगेत दोन-तीन तास उभे राहणे, एवढ्याने तुमची तीन आठवड्यांची विश्रांती वाया जाईल. शर्यतीच्या आदल्या रात्री उत्सुकतेने बहुतेकांना झोप लागत नाही, त्यामुळे शुक्रवारची झोप हीच खरी कामाची. गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी दुपारी बिब घ्यावे, शनिवारी पाय वर करून बसावे आणि संध्याकाळी सातच्या आत वरणभात किंवा दहीभात जेवावा. तांबडा-पांढरा रविवारच्या रात्रीसाठी राखून ठेवा. मुक्काम छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जवळ मिळाला तर उत्तम. उपनगरात असाल, तर त्या पहाटेसाठी लोकलच्या जादा गाड्या सोडल्या जातात, त्यांचे वेळापत्रक त्याच आठवड्यात जाहीर होते, ते पाहून ठेवा. परतीचे आरक्षण रविवारी रात्रीचे करा आणि खालचा बर्थ मागा, कारण त्या रात्री वरच्या बर्थवर चढणे जमत नाही.