होस्टेलचं गेट सातला लावलं की पोरी सुरक्षित झाल्या का?

रूम नंबर १७
छत्रपती संभाजीनगरात एमएला आहे, गाव गंगाखेडकडचं. आमच्या होस्टेलचं गेट साडेआठला लागायचं, सोमवारपासून सातला. फलकावर कारण, 'मुलींच्या सुरक्षिततेसाठी'. अभ्यासिका दहापर्यंत उघडी. पोरं बसून राहतात, आम्ही साडेसहालाच वह्या गोळा करतो. मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीला त्रास झाला तो दुपारी दोनला, विभागातच. तिचे इंटर्नलचे मार्क त्याच माणसाच्या हातात होते. तेव्हा गेट कुठं आडवं आलं? हा नियम पोरींच्या नाही, संस्थेच्या सोयीचा आहे.

परभणीकर बाप
बाई, तुझं खरं असंल. पण माझी पोरगी नांदेडला शिकती. भावकी रोज इचारती, पोरगी कुठं ठिवली, कोन बघतंय? मी सांगतो, सातला गेट लागतंय, रेक्टर मॅडम हजेरी घेत्यात. ह्या एका वाक्यावर तिचं शिक्षण चालू हाय. गेट उघडं ठिवा, मग बघा, तुळशीचं लगीन झालं की आमच्याकडच्या निम्म्या पोरींचंबी उरकतील.

कोरडवाहू
काका, भीती खोटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड-परभणीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडेही बघा. नोंदलेल्या बलात्कारांत दहातल्या नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन दिलेला मित्र. गेट अडवतं ते अनोळखी माणसाला. शिवाय एसटी उशिरा आली म्हणून साडेसातला पोचलेली पोरगी उशिराच्या रजिस्टरवर सही करते, घरी फोन जातो. उद्या तिच्यासोबत काही घडलं तर ती कुणाला सांगणार? पहिला प्रश्न ठरलेला, 'तू तिथं कशाला गेलतीस?'

माजी रेक्टर
सातचा नियम मीही लावला होता. १४० मुली, दोन गेटं, एक वॉचमन. काही झालं की पालक, प्राचार्य, पोलीस, तिघांचाही फोन मलाच. भीतीनं लावला, लपवत नाही. आणि होस्टेलात जागा न मिळालेल्या मुली रूम करून राहतात, त्यांच्याबद्दल या धाग्यात अजून कुणी बोललेलं नाही. तिथं घरमालकाकडं दुसरी किल्ली असते.

शंका_आहे
आणि मार्क कमी पडले म्हणून सरांवर तक्रार करणाऱ्या? एकदा नाव निघालं की माणूस संपला. त्यावर बोला की.

कोर्टात रोज
दादा, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, लैंगिक छळाबद्दलचे २०१५ चे नियम वाचा. मुद्दाम खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते. नुसता पुरावा कमी पडला म्हणून होत नाही. मार्कांचीही सोय त्यातच आहे. चौकशी चालू असताना त्या शिक्षकाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येतं. अंतर्गत तक्रार समितीत कुलसचिव, विभागप्रमुख बसू शकत नाहीत. विद्यार्थ्यांचा मामला असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी लागतात. तक्रार करायला घटनेपासून तीन महिने, अडचण असेल तर समिती आणखी तीन वाढवून देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत.

रूम नंबर १७
पेपर दुसऱ्याकडं देता येतात हे मला आज कळतंय. आत्ता खाली जाऊन बघून आले. समितीचा कागद जिन्याखाली, झेरॉक्स मशीनच्या मागं चिकटवलाय. अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव आहे त्या दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्या. विद्यार्थी सदस्यांच्या रकान्यात 'लागू नाही'. मैत्रीण म्हणाली होती, आधी रिझल्ट लागू दे, मग तक्रार करते. रिझल्ट त्या घटनेनंतर सातव्या महिन्यात लागला.

परभणीकर बाप
गेटाचं माझं म्हननं तेच हाय, फार तर आठ करा. पण नांदेडच्या कागदावर कोनाचं नाव हाय ते पोरीला बघाया सांगतो आज.