बाबांना कॅनॉल स्टेनोसिस (मणक्यातली नसांची वाट अरुंद होणं) निघालाय, कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणक्यावर उपचार करणारे) न्यावं का?

मुक्काम_कोथरूड:
बाबा ७१ वर्षांचे. चालताना दोन्ही पोटऱ्या भरून येतात, कट्टा दिसला की बसतात आणि दोन मिनिटांत परत चालायला तयार. आणि हेच बाबा डीमार्टमध्ये ट्रॉली ढकलत तासभर फिरतात तेव्हा काही होत नाही, त्यामुळे आई म्हणते सगळी नाटकं आहेत. एमआरआय केला, एल४-एल५ ला (कंबरेतला चौथा-पाचवा मणका) कॅनॉल फक्त ७ मिमी, लिगामेंट (मणके जोडणारा चिवट बंध) जाड झालंय, आणि अगदी शेवटी एक ओळ की पाठीच्या स्नायूंमध्ये फॅटी अ‍ॅट्रॉफी. सर्जन म्हणाले ऑपरेशनची घाई नाही, फिजिओ करा, गोळ्या दिल्यात त्याने बाबा दिवसभर पेंगतात. आता मामेभाऊ रोज इन्स्टावरचे कायरोप्रॅक्टरचे व्हिडिओ पाठवतोय, कट्ट आवाज येतो आणि माणूस हसत उठून चालायला लागतो. बाबांना पटलंय, मणक्यातली गॅप भरून येईल म्हणतात. न्यावं का? आणि ते स्नायूंचं काय, त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही.

फिजिओ_नाशिक:
आईंना सांगा नाटकं अजिबात नाहीत. ट्रॉलीवर वाकलं की कणा पुढे झुकतो, कॅनॉलला जरा जागा होते, नसांवरचा दाब कमी होतो. ताठ उभं राहिलं किंवा उतार उतरायला लागलं की उलटं, म्हणून असे पेशंट पर्वती चढतात बरी आणि उतरताना रडकुंडीला येतात. फक्त एक सांगा, थांबून नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं की बसावंच लागतं? उभं राहूनच पोटऱ्या मोकळ्या होत असतील तर पायाच्या रक्तवाहिन्यांकडे बघायला हवं. शुगर किंवा सिगरेट असेल तर पावलाची नाडी तपासून घ्याच, काहींना दोन्ही एकदम असतं.

तो कट्ट आवाज सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा, हाड जागेवर बसल्याचा नाही. बाबांची जागा अडवलीय ती जाड झालेल्या लिगामेंटने, झिजून वाढलेल्या सांध्यांनी आणि बहुतेक मणक्यांमधल्या थोड्या फुगलेल्या चकतीने, यातलं काही झटका देऊन मागे सरकत नाही.

स्नायूंचं म्हणाल तर मणक्याला चिकटून मल्टिफिडस नावाचे स्नायू असतात, मणके जागच्या जागी धरून ठेवणं हे त्यांचं काम. वय झालं, दुखतं म्हणून हालचाल कमी, त्यात नस दबलेली, मग स्नायू बारीक होतो आणि तिथे चरबी भरते. घरी फिल्म असेल तर आडव्या कापाच्या चित्रात मणक्याच्या मागे दोन्ही बाजूंना बघा, करड्या मांसात पांढरे पट्टे दिसतील, तीच ती. भरलेली चरबी सहसा पूर्ण जात नाही पण उरलेला स्नायू ताकद धरतो. गुडघे छातीशी घेणं, पेल्विक टिल्ट (उताणं झोपून कंबर जमिनीला टेकवणं), मार्जारासनात फक्त पाठ वर उचलायची तेवढाच भाग, रांगत्या अवस्थेत एक हात आणि विरुद्ध पाय उचलणं, शिवाय स्थिर सायकल. भुजंगासन, धनुरासन सध्या बंद.

एडिसनकर:
थोडी दुसरी बाजू. इथे न्यू जर्सीत सासूबाईंना लायसन्सवाल्या कायरोप्रॅक्टरकडे नेत होतो, त्याने एकदाही कट्ट केलं नाही. पालथं झोपवून टेबलाचा पायाकडचा भाग हळूहळू खाली झुकवायचा, फ्लेक्शन-डिस्ट्रॅक्शन म्हणतात. बऱ्यापैकी आराम पडला, मग व्यायाम सोडले आणि पहिले पाढे पंचावन्न. २०१९ मध्ये पिट्सबर्गच्या लोकांचा एक अभ्यास आलाय, साठीच्या पुढचे २५९ स्टेनोसिसवाले, एका गटाला औषधं-इंजेक्शन, एकाला ग्रुपमध्ये व्यायाम, तिसऱ्याला हाताने उपचार आणि जोडीला प्रत्येकाला बेतून दिलेले व्यायाम. दोन महिन्यांनी तिसरा गट पुढे होता, सहा महिन्यांनी तिघांत फरक उरला नाही. म्हणजे सगळं थोतांड आहे असंही नाही, पण इन्स्टावरच्या त्या झटक्यांशी याचा काडीचा संबंध नाही.

कण्हणारे_काका:
माझं डीकम्प्रेशन (नसांवरचा दाब काढायचं ऑपरेशन) झालंय, पाय सुटले, कंबर अजून अधूनमधून कुरकुरते. ऑपरेशनचा बाऊ करू नका आणि घाईही करू नका. पण लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लटकायला लागलं तर त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठायची, सकाळची वाट बघायची नाही. कंबरेचा पट्टा चोवीस तास बांधून ठेवला असेल तर तो आधी सोडायला लावा, स्नायूंना काम कधी मिळणार?

मुक्काम_कोथरूड:
सगळ्यांना थँक्स. बाबांना बसावंच लागतं, नुसतं उभं राहून काही होत नाही. शुगर आहे त्यामुळे नाडी बघून घेते. मामेभावाने सुचवलेल्या क्लिनिकला फोन केला होता, एमआरआय आहे का हेही न विचारता बाईंनी थेट पॅकेजचा रेट सांगितला! पट्टा खरंच दिवसभर असतो, झोपताना पण. आणि एक राहिलं, बाबांना दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या, त्याने काही फरक पडतो का?

फिजिओ_नाशिक:
पडतो, हे आधी सांगायला हवं होतंत. इतकी वर्षं स्टेरॉइड म्हणजे हाडं ठिसूळ असू शकतात, झटक्याने मणका दबून फ्रॅक्चर होऊ शकतो. आधी डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करा, तोवर पाठीवर कोणालाही जोर लावू देऊ नका, मालिशवाल्यालासुद्धा. सर्जनना स्टेरॉइडचं माहीत आहे का विचारा आणि पेंगतात तेही सांगा, डोस कमी करतील किंवा रात्री घ्यायला देतील, गोळी मनाने एकदम बंद करू नका. पट्टा झोपताना तर काढाच, दिवसा जास्त वेळ उभं राहायचं असेल तेवढ्यापुरता ठेवा.