शास्त्रीय संगीतासाठी खिशात मावणारा प्लेअर कोणता घ्यावा?

प्रश्न:
माझ्या वडिलांकडे हिंदुस्तानी शास्त्रीय संगीताच्या पुष्कळ सीडी आहेत. मोबाइलवर ऐकताना मध्येच फोन येऊन रसभंग होतो, म्हणून केवळ संगीतासाठी वेगळा प्लेअर असावा अशी त्यांची इच्छा आहे. आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये बंद झाले. अशा वेळी प्लेअर निवडताना काय पाहावे आणि सीडी एमपीथ्रीमध्ये उतरवाव्यात की फ्लॅकमध्ये (ध्वनीतले काहीही न गाळता आकार कमी करणारा फाइलप्रकार), हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर:
फ्लॅकमध्येच उतरवाव्यात. अनेक सीडींवर विलंबित आणि द्रुत हे दोन स्वतंत्र ट्रॅक असले, तरी गायन अखंड चालू असते. एमपीथ्री तयार होताना ध्वनी १,१५२ नमुन्यांच्या (ध्वनीच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या) ठरावीक तुकड्यांत बसवला जातो आणि ट्रॅकच्या टोकांना किंचित शांतता भरली जाते, त्यामुळे द्रुत बंदिश सुरू होण्याच्या ऐन क्षणी तानपुरा तुटल्यासारखा वाटू शकतो. फ्लॅकमध्ये अशी भर पडत नाही. मात्र प्लेअरनेही दोन ट्रॅक सलग वाजवायला हवेत. ‘गॅपलेस’ म्हणतात ती हीच सोय, आणि ती नसलेला प्लेअर शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याने घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. प्लेअर १९२ किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांचा) ध्वनी वाजवतो, अशा जाहिरातींना भुलू नये, कारण सीडीवरचा ध्वनी मुळात ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचाच असतो. तासाभराची सीडी फ्लॅकमध्ये साधारण ३०० ते ४०० एमबी होते, त्यामुळे १२८ जीबीच्या कार्डावर मोठा संग्रह सहज मावतो.

दुसरे उत्तर:
वरील मताशी मी सहमत आहे. वडील वापरणार असल्यामुळे, न पाहताही दाबता येतील अशी बटणे आवर्जून पाहावीत. थांबवलेला राग पुन्हा लावल्यावर तिथूनच सुरू होतो का, हेही दुकानातच तपासावे. काही स्वस्त प्लेअरवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरे फुटतात. म्हणून दोन-चार फायलींना मराठीत नावे देऊन त्या कार्डावर सोबत न्याव्यात.

प्रश्नकर्ता:
आपले मनःपूर्वक आभार. जुना, वापरलेला प्लेअर मिळत असल्यास घ्यावा का?

पहिले उत्तर देणारे:
बॅटरी बदलून मिळणार असेल तरच घ्यावा. आयपॉड क्लासिकसारख्या काही जुन्या प्लेअरवर रॉकबॉक्स ही मोफत प्रणाली बसवता येते आणि मग त्यांवर फ्लॅक सलग वाजते. कार्ड घालायचा जुना प्लेअर असेल, तर ६४ जीबी किंवा त्याहून मोठे कार्ड तो वाचतो का, हे आधी पाहावे. अशी कार्डे एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीने तयार केलेली येतात आणि काही जुने प्लेअर केवळ फॅट३२ ही जुनी पद्धत ओळखतात.