पोस्टग्रेसचं इन्स्टॉलेशनचं प्रकरण उडवा म्हणणाऱ्यांसाठी

कूर्मगती

परवा एका गृहस्थांनी लिहिलं की पोस्टग्रेस या डेटाबेस सर्व्हरच्या मॅन्युअलचं १७वं प्रकरण, म्हणजे सोर्सवरून (मूळ कोड स्वतः बांधून) इन्स्टॉलेशन, ही पुराणवस्तू आहे. आजकाल कॉन्फिगर आणि मेक कोण करतं, ते काढा आणि डॉकरची, म्हणजे आयता बांधलेला सर्व्हर उतरवून चालवायची, एक ओळ लिहून मोकळे व्हा. खाली अंगठ्यांची ही रांग. म्हणून हे लांबण.

कोण करतं? मी करतो. एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत सर्व्हर बसवायला गेलो होतो. इंटरनेट नाही. मशीनवरचं लिनक्स इतकं जुनं की त्याच्यासाठी नवी पॅकेजं बनणं केव्हाच थांबलेलं. पेन ड्राइव्हवर टारबॉल (सोर्सचं गाठोडं) आणि खिशात याच प्रकरणाची प्रिंट, एवढ्यावर काम केलं. शेवटच्या एसटीच्या आधी ५४३२ या नेहमीच्या पोर्टवर सर्व्हर उभा होता. तिथे डॉकरची ओळ काय कपाळाला लावू?

आणि त्या एका ओळीचं कौतुक पुरे. त्यातला टॅग, म्हणजे आवृत्तीचा आकडा, १७चा १८ करून बघा. मुख्य आवृत्ती बदलली की जुन्या डेटा फाइली नवा सर्व्हर घेतच नाही, पीजी_अपग्रेड हे साधन चालवा नाहीतर डंप (सगळ्या डेटाची नक्कल) काढून परत भरा. त्यात १८च्या डॉकर इमेजने (त्या आयत्या सर्व्हरने) डेटाची जागाही हलवली, व्हॉल्यूम (डेटा टिकवणारा फोल्डर) आता एक पायरी वर लावायचं. हे सगळं एका ओळीत बसवून दाखवा.

प्रॅक्टिकलवाली

तुमची एसटी सुटली नाही याचा आनंद आहे. पण मॅन्युअल तुमच्या आठवणींसाठी नाही.

मी डिप्लोमाच्या पोरांना लॅबमध्ये हे शिकवते. पोरगं मॅन्युअल उघडतं. १६वं प्रकरण 'बायनरीवरून इन्स्टॉलेशन', आत जेमतेम एक परिच्छेद : डाउनलोडच्या पानावर जा. १७वं प्रकरण उघडलं की पानंच्या पानं, त्यातही आता दोन रस्ते, एक मेकचा आणि १६व्या आवृत्तीपासून दुसरा मेसन या नव्या बिल्ड साधनाचा. पोरगं घाबरतं आणि कुठल्या तरी जुन्या ब्लॉगवरून उतरवतं. उबुंटूवर 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' (लिनक्सचं नाव डेटाबेसच्या नावाशी जुळत नाही) आलं की तो ब्लॉग सांगतो, कोणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये सगळीकडे ट्रस्ट, म्हणजे पासवर्डशिवाय प्रवेश, लिहा. झालं काम. पुढे हीच पोरं नोकरीला लागतात आणि ट्रस्ट सोबत घेऊन जातात.

कूर्मगती

मॅडम, ब्लॉगवाल्याचं पाप मॅन्युअलच्या माथी कशाला? लिनक्सच्या वेगवेगळ्या डिस्ट्रो बघा : डेबियनवाले कॉन्फिग एटीसी फोल्डरखाली ठेवतात, रेड हॅटवाले व्हार फोल्डरखाली डेटाच्या शेजारीच. एकीकडे पॅकेज टाकताच क्लस्टर (सर्व्हरचा डेटाबेस-संच) तयार, दुसरीकडे तो हाताने बनवायचा. मॅन्युअल आवृत्तीगणिक निघतं, वर्षातून एकदा. डिस्ट्रोंच्या मागे ते किती पळणार?

प्रॅक्टिकलवाली

माथी का? तुमच्या त्या लाडक्या प्रकरणातली 'शॉर्ट व्हर्जन' (सुरुवातीला थोडक्यात दिलेल्या आज्ञा) परत वाचा. क्लस्टर बनवणाऱ्या इनिटडीबीला फक्त डेटा डिरेक्टरी दिलीय. ऑथेंटिकेशनचा पर्याय नाही दिला तर इनिटडीबी लोकल कनेक्शनना काय लावतं? ट्रस्ट! ब्लॉगवाले शिकले कुठून, आता कळलं?

कूर्मगती

इनिटडीबी तसा इशारा छापतं. वाचायला डोळे लागतात.

प्रॅक्टिकलवाली

इशारा छापून हात झटकायचे तर मग मॅन्युअल कशाला, सगळं इशाऱ्यांतच लिहा.

रात्रपाळी

दोघांनाही नमस्कार. कूर्मगतीराव, १६व्या आवृत्तीचा सोर्स तुम्ही बिल्ड केला तेव्हा 'आयसीयू लायब्ररी सापडली नाही' म्हणून कॉन्फिगर अडलं, आणि मला रात्री अकराला फोन आला होता. १६पासून आयसीयू, म्हणजे भाषांचे क्रम-नियम पुरवणारी लायब्ररी, आपोआप धरलं जातं, नको असेल तर तसं सांगावं लागतं. 'रिक्वायरमेंट्स'मध्ये लिहिलंय. प्रिंट जुन्या आवृत्तीची होती ना खिशात?

कूर्मगती

घरातल्या गोष्टी इथे काढायचं कारण नव्हतं.

ताळेबंद

तुमचं चालू द्या, पण इनिटडीबीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. लोकेलबद्दल, म्हणजे भाषेच्या क्रम-नियमांबद्दल, कुणीच का बोलत नाही? आमच्या पतसंस्थेत सभासदांची यादी छापली. अल्पाइन या छोट्या लिनक्सची डॉकर इमेज होती, म्हणजे क्रम निव्वळ युनिकोडच्या आकड्यांचा. त्यात ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये. त्यामुळे काळे आधी आणि कावळे, काशीद नंतर. वार्षिक सभेत एक निवृत्त मुख्याध्यापक यादी हातात घेऊन उभे राहिले : "ह, ळ, क्ष, ज्ञ. पहिलीत काय शिकलात?" लाभांशाचा विषय बाजूला राहिला, वीस मिनिटं फक्त ळ.

रात्रपाळी

आजकाल ळ ह नंतर आहे हे कोण पाळतं? संगणकाने दिलेला क्रम लोक मुकाट्याने घेतात.

ताळेबंद

लोक मुकाट घेतात म्हणून तो बरोबर होत नाही. उद्या संगणकाने ळ काढूनच टाकला तर तोही मुकाट सोडणार का?

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे आजी काळेंना कायेच म्हणायची. य लावा, यादी आपोआप वर सरकते. पॅच पाठवू का?

ताळेबंद

थट्टा नको. क्लस्टर बनवताना जे लोकेल घेतलं तेच पुढच्या डेटाबेसना डीफॉल्ट, आणि बनलेल्या डेटाबेसचं बदलायचं तर डंप काढून नव्याने भरा. एवढा महत्त्वाचा निर्णय, आणि शॉर्ट व्हर्जनमध्ये त्यावर एक शब्द नाही. दोन रात्री घालवल्यात मी.

प्रॅक्टिकलवाली

दोन रात्री गेल्या याचं वाईट वाटलं, पण डेटाबेस पाडायची गरज नव्हती. तुमच्या सर्व्हरमध्ये आयसीयू असेल तर फक्त यादीच्या क्वेरीत क्रम लावणाऱ्या ऑर्डर बायपुढे 'एमआर-एक्स-आयसीयू' हे मराठी क्रमाचं कोलेशन लिहायचं. दहाव्या आवृत्तीपासून आहे.

ताळेबंद

आत्ता डेबियनच्या इमेजवर चालवलं. काळे काशीदांच्या खाली गेले.

...दोन रात्री!

कूर्मगती

बघा. सोर्सचं प्रकरण वाचलं असतं तर आयसीयू काय आहे ते आधीच कळलं असतं.

रात्रपाळी

हे तुम्ही बोलताय?

कूर्मगती

बरं. प्रकरण काढायला माझा विरोधच राहील, डॉकरची ओळ तर नकोच. पण शॉर्ट व्हर्जनमध्ये इनिटडीबीला स्क्रॅमचा (पासवर्डने ओळख पटवण्याचा) पर्याय जोडावा, हे मॅडमचं म्हणणं... ठीक आहे. फक्त लक्षात घ्या, पासवर्डचं ऑथेंटिकेशन मागितलं की इनिटडीबी सुपरयूझरचा पासवर्डही मागतं, तो न देता पुढे जात नाही. म्हणजे ते 'शॉर्ट' राहणार नाही.

प्रॅक्टिकलवाली

एका ओळीने वाढलं तर तुमची एसटी चुकेल का? प्रत्येक पानाखाली दुरुस्ती कळवायचा दुवा आहे. तुम्ही स्क्रॅमचं लिहा, मी १६व्या प्रकरणासाठी दोन परिच्छेद लिहिते. एक डेबियन-उबुंटूचा, एक रेड हॅटचा. विंडोजवाल्यांना मीही हात लावत नाही.

कूर्मगती

ते नाकारतील. म्हणतील हे पॅकेजवाल्यांचं काम.

प्रॅक्टिकलवाली

मग नाकारू देत. तुम्ही तर न पाठवताच नाकारताय.

कूर्मगती

पाठवतो. लोकेलची ओळही घालतो, ताळेबंदांच्या दोन रात्रींखातर. उदाहरणात मराठी घेऊ का?

वऱ्हाडी ठेचा

घ्या की. पण माझं आडनाव साळवी. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी यादीच्या क्रमाने मिळतं, आणि इतकी वर्षं मी सावंतांच्या आधी आहे. तेवढी यादी जुन्याच क्रमाने राहू द्या, सावंत हे वाचत नसतील अशी आशा आहे.

ताळेबंद

सावंत वाचतात. आमच्या पतसंस्थेचे ऑडिटर आहेत.